‘झाडाच्या तेलापासून पॉलिमर’ शिकायचंय. प्रवेश कुठल्या शाखेत घ्यायचा?

प्रश्न : वेंगुर्ले तालुक्यात आमचा काजूप्रक्रियेचा छोटा कारखाना आहे. मुलगी बारावी सायन्स झाली, सीईटी दिली. केमिस्ट्री तिला मनापासून आवडते. आमच्याकडची टरफलं तेल काढणारे घेऊन जातात. त्या तेलापासून रेझिन बनतं असं तिने कुठे तरी वाचलं आणि आता वनस्पतींच्या तेलापासून पॉलिमर बनवायला शिकायचं, एवढाच तिचा धोशा आहे. नातेवाईक म्हणतात, कॉम्प्युटर घ्या. एका खासगी संस्थेच्या ‘ग्रीन पॉलिमर’ कोर्सची जाहिरात आली आहे, फी भरमसाट. हे क्षेत्र खरं की नुसती हवा? नोकरी लागेल का? आणि पुढेमागे घरच्या कारखान्यात या शिक्षणाचा उपयोग होईल का? – एक वडील

उत्तर :

नमस्कार.

मुलांची आवड सांगताना पालक सहसा ‘सायन्स’च्या पुढे जात नाहीत. तुम्ही थेट टरफलापर्यंत गेलात, त्यामुळे उत्तर देणं मला सोपं झालं.

क्षेत्र खरं आहे आणि चांगलंच जुनं आहे. पॉलिमर म्हणजे लहान रेणू एकमेकांना जोडून केलेली लांब साखळी; प्लास्टिक, नायलॉन, रबर ही सगळी पॉलिमरच. आणि रेझिन म्हणजे रंगात किंवा चिकटद्रव्यात वापरायचा, नंतर कडक होणारा चिकट पदार्थ. तुमच्या खिडकीच्या गजांना जो ऑईल पेंट मारलाय, त्यातलं अल्किड नावाचं रेझिन सोयाबीन, जवस किंवा एरंडाच्या तेलापासूनच बनतं. क्रिकेटच्या बॅटला चोळतात ते जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन आपसूक घट्ट होत जातं. या एका गुणावर फ्रेडरिक वॉल्टन नावाच्या इंग्रजाने १८६३ मध्ये जमिनीवर अंथरायच्या लिनोलियमचं पेटंट घेतलं. पेट्रोलियमपासून प्लास्टिक बनवण्याचा जमाना त्यानंतर कितीतरी वर्षांनी आला. हल्ली त्यावर ‘ग्रीन’ची चिठ्ठी लागली आहे, एवढंच.

एरंडेलाचं उदाहरण तुमच्या लेकीने नीट समजून घ्यावं. एरंडेलात रिसिनोलेइक आम्ल साधारण ८५ ते ९० टक्के असतं. अठरा कार्बनची साखळी, नवव्या आणि दहाव्या कार्बनमध्ये दुहेरी बंध, आणि बाराव्या कार्बनवर एक हायड्रॉक्सिल गट, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी. आपल्या स्वयंपाकाच्या तेलांमध्ये हा गट नसतो आणि एरंडेलाचा सगळा भाव त्याच्यामुळेच आहे. तो असल्यामुळे एरंडेल सरळ आयसोसायनेट नावाच्या रसायनाशी जोडून पॉलियुरेथेन, म्हणजे फोमच्या गाद्यांमधलं पॉलिमर, करता येतं. सोयाबीन तेलात हाच गट बाहेरून बसवावा लागतो: आधी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरून दुहेरी बंधांवर ऑक्सिजन बसवून इपॉक्सी नावाचं छोटं वलय करायचं, मग ते वलय उघडायचं. दुसरी वाट आणखी गमतीची आहे. एरंडेलाचं मिथाइल एस्टर करून ते जबरदस्त तापवलं की साखळी हायड्रॉक्सिलच्या शेजारी तुटते. सात कार्बनचा तुकडा सुगंधी द्रव्यांच्या धंद्यात जातो, आणि अकरा कार्बनच्या तुकड्यापासून नायलॉन-११ बनतं. ट्रकच्या एअर ब्रेकच्या नळ्या आणि गाड्यांच्या इंधनाच्या नळ्या त्याच्या करतात. फ्रान्सची आर्केमा कंपनी ते ‘रिल्सान’ या नावाने विकते. जगातला बहुतेक एरंड भारतात पिकतो, त्यातला बहुतेक गुजरातेत. जयंत अॅग्रो-ऑर्गॅनिक्स या मुंबईच्या कंपनीने जपानच्या मित्सुई केमिकल्स आणि इतो ऑईल यांच्यासोबत एरंडेलापासून पॉलियुरेथेनचा कच्चा माल, म्हणजे पॉलिऑल, बनवायची भागीदारी केली आहे. म्हणजे कच्चा माल आपला आहे आणि त्याची रसायनविद्याही आता हळूहळू इकडे येते आहे.

आता तुमच्या घरचा माल. टरफलातला चीक हाताला लागला की कातडी सोलवटते, म्हणून बिया फोडायला बसणाऱ्या बायका हाताला राख नाही तर तेल चोळून बसतात, हे तुम्हाला मी सांगायला नको. ते भाजणारं द्रव्य मुख्यतः अॅनाकार्डिक आम्ल. टरफलाचं तेल तापवलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कार्डानॉल उरतं. कार्डानॉल हे एक फिनॉलच, फक्त त्याला पंधरा कार्बनचं लांब शेपूट आहे. एरवी फिनॉल पेट्रोलियमपासून काढावं लागतं. इथे ते टरफलात बसलेलं असतं. फॉर्मलडिहाइडबरोबर त्याचं रेझिन होतं, ते कडक करून दळलं की जी भुकटी मिळते ती गाड्यांच्या ब्रेक लायनिंगमध्ये घालतात. कार्डानॉल, फॉर्मलडिहाइड आणि डायअमीन यांच्यापासून फिनाल्कामाइन नावाचा हार्डनर, म्हणजे इपॉक्सी रेझिन कडक करणारं द्रव्य, बनतो. तो थंडीत आणि दमट हवेतही चांगला धरतो, म्हणून जहाजांच्या रंगात त्याला मागणी आहे. कार्डोलाइट या अमेरिकन कंपनीने याच तेलासाठी मंगळुरूला कारखाना थाटला आहे. मुलीने जे वाचलं ते अगदी बरोबर वाचलं.

मग अडचण कुठे आहे? अडचण अशी की ‘वनस्पतिजन्य पॉलिमर’ या नावाची शाखा प्रवेशाच्या अर्जावर सापडत नाही, आणि ‘बायोपॉलिमर इंजिनिअर पाहिजे’ अशी जाहिरातही क्वचितच दिसते. हे काम जुन्या धंद्यांच्या पोटात चालतं: रंग, तेल आणि ओलिओकेमिकल्स (तेलापासूनची रसायनं), चिकटद्रव्यं, शाई, प्लास्टिकची अॅडिटिव्ह्ज (त्यात थोडी मिसळायची द्रव्यं). माझं सांगणं एवढंच आहे की तिने यांतला एक धंदा मुळापासून शिकावा. वनस्पतीचं तेल तिला त्यातच भेटेल. उलट ‘ग्रीन’ म्हणून काही शिकायला गेली आणि रेझिनची बॅच चालवता आली नाही, तर तिला कोणी उभं करणार नाही.

बॅच म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण आवड खरी आहे की नाही ते इथेच कळतं. अल्किड बनवताना तेल आणि ग्लिसरॉल साधारण २४० अंशांवर ढवळत ठेवतात. मधूनमधून थेंब काढून मिथेनॉलमध्ये टाकायचा. गढूळ दिसला तर अजून वेळ आहे, स्वच्छ विरघळला तर पुढची पायरी. मग थॅलिक अनहायड्राइड घालायचं. अभिक्रियेत सुटणारं पाणी झायलीनबरोबर बाहेर येतं, ते मोजायचं. ठरावीक वेळाने नमुना काढून अॅसिड व्हॅल्यू (आम्ल किती उरलंय) आणि व्हिस्कॉसिटी (दाटपणा) बघायची. आकडे एका रेषेत उतरत-चढत राहिले तर ठीक. पण रेणूला जोडणीचे हात दोन असले तर साखळी होते आणि तीन असले तर जाळं होतं, आणि ग्लिसरॉलला हात तीन. जरा दुर्लक्ष झालं तर व्हिस्कॉसिटी एकदम उसळते आणि फ्लास्कमध्ये रबरासारखा गोळा उरतो. प्रयोगशाळेत फ्लास्क फेकून देता येतो. कारखान्यात केटलमध्ये, म्हणजे मोठ्या भांड्यात, बॅच जेल झाली तर माणसांना छिन्नी-हातोडा घेऊन आत उतरावं लागतं. उष्णता, वास, शिफ्ट, रजिस्टरमधल्या नोंदी, हे सगळं या कामात आहे. हे वाचून तिला कंटाळा आला तर शाखेचा पुन्हा विचार करा. ‘किती हातांना किती टक्के अभिक्रिया झाल्यावर जेल होतं?’ असा प्रश्न तिने विचारला तर माझ्याकडून तिला पूर्ण मार्क.

मुलाखतीत दोन गोष्टी तिला हमखास विचारतील, त्यांची उत्तरं आत्ताच कळलेली बरी. पहिली: खायच्या तेलाचं प्लास्टिक करायचं का? आपला देश गरजेच्या निम्म्याहून जास्त खाद्यतेल बाहेरून आणतो. अशा देशात सोयाबीन किंवा सूर्यफुलाच्या तेलावर मोठं स्वप्न उभं करणं मला पटत नाही. एरंड, काजूचं टरफल, करंज, जवस यांच्यावर काम करणाऱ्याला इथे भवितव्य आहे. जवस खातात हे खरं, पण रंगातली त्याची जागा वेगळीच आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे सगळ्यात मोठा गैरसमज. झाडापासून बनलं म्हणजे मातीत कुजलं, असं नसतं. नायलॉन-११ एरंडेलाचं असलं तरी कुजत नाही. ब्राझीलची ब्रास्केम कंपनी २०१० पासून उसाच्या इथेनॉलपासून पॉलिइथिलीन बनवते. ते आपल्या नेहमीच्या पॉलिइथिलीनसारखंच आहे आणि तसंच टिकतं. साखरेपासून बनणारं पीएलए, म्हणजे पॉलिलॅक्टिक आम्ल, कुजतं, पण त्याला कंपोस्टच्या कारखान्यातली साधारण ६० अंशांची ऊब लागते. परसातल्या खड्ड्यात ते बराच काळ तसंच पडून राहील. कच्चा माल कुठून आला आणि वस्तू शेवटी कुठे जाते, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. कंपोस्ट होणारं प्लास्टिक म्हणून विकायचं तर आपल्याकडे आयएस १७०८८ या मानकाची कसोटी आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं. ते विचारलं की पुष्कळ जाहिरातदारांचा आवाज खाली येतो.

नोकरीचं म्हणाल तर महाराष्ट्र यासाठी वाईट नाही. एशियन पेंट्सचं संशोधन केंद्र नवी मुंबईत तुर्भ्याला आहे. कन्साई नेरोलॅकचा कारखाना तर कोकणातच, लोट्याला. अंबरनाथला गोदरेज इंडस्ट्रीजचा ओलिओकेमिकल्सचा कारखाना आहे. फाइन ऑरगॅनिक्सचेही कारखाने अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आहेत. ही कंपनी तेलांपासून प्लास्टिकची अॅडिटिव्ह्ज बनवते. दुकानात पातळ पिशवी दोन बोटांत चोळली की उघडते, न चोळता चिकटून बसत नाही, ते त्यातल्या स्लिप एजंटमुळे. आणि तो इरुकामाइड किंवा ओलिआमाइड, दोन्ही तेलातल्या आम्लांपासूनच आलेले. पिशवी पेट्रोलियमची, तिची चाल वनस्पतीची. अशा हजार ठिकाणी हे रसायनशास्त्र लपलेलं आहे. साखरेच्या बाजूने पाहिलं तर पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने २०२४ मध्ये जेजुरीला पीएलएचं प्रात्यक्षिक संयंत्र सुरू केलं, आणि बलरामपूर चिनी मिल्सने उत्तर प्रदेशात पीएलएचा मोठा कारखाना हाती घेतला आहे. तिकडे मात्र आंबवण्याची प्रक्रिया, म्हणजे बायोटेक आणि केमिकल इंजिनिअरिंग, जास्त लागतं.

एक कडू गोष्टही सांगून टाकतो. भिंतींच्या रंगात पाण्याच्या अॅक्रिलिक इमल्शनने ऑईल पेंटला बरंच मागे सारलं आहे. लोखंडावरचे प्राइमर, एनॅमल, औद्योगिक रंग यांत अल्किड अजून ठाण मांडून आहे, पण नुसतं अल्किड येणं आयुष्यभर पुरणार नाही. आणि जगात बनणाऱ्या एकूण प्लास्टिकमध्ये जैविक प्लास्टिकचा वाटा अजून एक टक्काही नाही. सुरुवातीचा पगार सॉफ्टवेअरवाल्या मैत्रिणींपेक्षा कमी असेल. पाच-सात वर्षं एका धंद्यात मुरलेल्या रेझिनच्या माणसाला मात्र चांगला भाव असतो, कारण अशी माणसं फार नसतात.

आता संस्था. पहिली पसंती अर्थातच मुंबईला माटुंग्याची आयसीटी (इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी), जुनी लोकं तिला अजून यूडीसीटीच म्हणतात. १९३३ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत पॉलिमर, सरफेस कोटिंग म्हणजे रंग, आणि तेल-ओलिओकेमिकल्स अशा स्वतंत्र बी.टेक. शाखा आहेत, तुमच्या लेकीला हवं ते या तीन शाखांच्या हद्दीवर आहे. तुमच्या शेजारच्या गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर इथेच शिकले, पॉलिमरमध्येच संशोधन केलं आणि पुढे पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, म्हणजे एनसीएलचे, संचालक झाले. आयसीटीच्या बहुतेक जागा एमएचटी-सीईटीच्या गुणांवर भरतात, काही जेईई मेनवर. दुसरी जागा नागपूरची एलआयटी (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी), १९४२ची. तेल, रंग आणि पॉलिमर या तिन्ही विषयांची तिथे जुनी परंपरा आहे. तिसरी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची रासायनिक तंत्रज्ञान संस्था. तिथेही तेल, रंग आणि प्लास्टिक शिकवतात. लोकांना ती लांब वाटते म्हणून मागे राहते, पण मी ती यादीत वर ठेवायला सांगतो. यातलं काहीच मिळालं नाही तर चांगल्या कॉलेजात केमिकल इंजिनिअरिंग घ्यावं आणि गेट देऊन एम.टेक.ला पॉलिमरकडे वळावं. गेटच्या इंजिनिअरिंग सायन्सेस या पेपरात पॉलिमरचा स्वतंत्र विभाग आहे.

इंजिनिअरिंगच नको, केमिस्ट्रीच हवी असं ती म्हणाली तरी बिघडत नाही. बी.एस्सी., एम.एस्सी. करून नेट दिली की एनसीएलसारख्या ठिकाणी पीएच.डी.ची वाट मोकळी होते. ज्युनिअर रिसर्च फेलोला सध्या महिना ३७,००० रुपये मिळतात. तेलाच्या रसायनशास्त्रात हैदराबादची आयआयसीटी (भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्था) हीही नाव राखून आहे. बी.एस्सी.नंतर लवकर नोकरी हवी असेल तर सिपेट या केंद्राच्या प्लास्टिक-संस्थेचा प्लास्टिक प्रोसेसिंग आणि टेस्टिंगचा दोन वर्षांचा पदव्युत्तर डिप्लोमा आहे. राज्यात सिपेटची केंद्रं छत्रपती संभाजीनगर आणि चंद्रपूरला आहेत. परदेश पुढे डोक्यात आलाच, तर अमेरिकेत नॉर्थ डकोटा स्टेट विद्यापीठात रंगांवर आणि कॅन्ससच्या पिट्सबर्ग स्टेट विद्यापीठात वनस्पतितेलांच्या पॉलिऑलवर बरीच वर्षं काम होत आलं आहे. ते आज ठरवायची गरज नाही.

त्या भरमसाट फीच्या कोर्सबद्दल: पदवी कोणत्या विद्यापीठाची, कोर्स कॅपच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेच्या, यादीत आहे का, आणि प्रयोगशाळेत रेझिन बनवायचा रिअॅक्टर आहे का, हे समक्ष जाऊन विचारा. रिअॅक्टर दाखवायला टाळाटाळ केली तर चहा पिऊन परत या. शिवाय आपल्या राज्यात २०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल आणि प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झाला असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. तुम्ही त्यात बसत असाल तर खासगी कोर्सकडे बघायचं कारणच काय?

कॉम्प्युटरबद्दल फार लिहीत नाही. ज्या मुलीला केमिस्ट्री आवडते तिला चार वर्षं दुसरंच काही करायला लावून कोणाचंच भलं झालेलं मी पाहिलेलं नाही. रेझिनच्या लॅबमध्येही आता प्रयोगांची आखणी आणि आकडेवारीचं विश्लेषण संगणकावरच होतं. पायथन तिने बाजूने शिकावी.

घरच्या कारखान्याचा प्रश्न नाजूक आहे. पदवी हातात पडताच मुलीने परत येऊन रेझिन बनवावं, ही अपेक्षा आत्तापासून तिच्या डोक्यावर ठेवू नका. कार्डानॉल शुद्ध करायला मोठ्या निर्वातात ऊर्ध्वपातन करावं लागतं, त्याचं भांडवल एका छोट्या कारखान्याला झेपणारं नाही. फॉर्मलडिहाइड हाताळायचं तर परवानग्या आणि सुरक्षितता वेगळीच. पण त्याआधीची एक पायरी आहे. आज तुम्ही टरफलं वजनावर विकता. टरफलाच्या तेलासाठी आयएस ८४० हे भारतीय मानक आहे. त्यातल्या कसोट्या लावून आपल्या मालाचं तेल कसं आहे हे सांगता आलं, आणि आजूबाजूच्या चार-सहा कारखान्यांनी मिळून माल एकत्र केला, तर भाव करताना तुमची बाजू बदलते. हे काम दुसऱ्या-तिसऱ्या वर्षातली विद्यार्थिनी प्रोजेक्ट म्हणून करू शकेल. पुढचं पुढे.

आता दोन ओळी तुझ्यासाठी, बाळ. ऑरगॅनिक केमिस्ट्रीत एस्टर, अल्कीन आणि फिनॉल हे तीन धडे पुन्हा नीट वाच; या क्षेत्राचा निम्मा खेळ तेवढ्यात आहे. कॉलेजच्या सरांना सांगून त्यांच्या देखरेखीखाली तेलाची आयोडीन व्हॅल्यू, म्हणजे तेलात दुहेरी बंध किती ते सांगणारा आकडा, काढायचं टायट्रेशन शिकून घे. जवसाचा आणि खोबरेल तेलाचा आकडा शेजारी-शेजारी लिही, म्हणजे एक वाळतं आणि दुसरं का वाळत नाही ते तुझं तुलाच उमगेल. घरी मात्र टरफलाचं तेल तापवून बघायचा उद्योग करू नकोस. आणि पेरॉक्साइडला तर हातही लावायचा नाही. तेलाबरोबरची त्याची अभिक्रिया उष्णता सोडते आणि हाताबाहेर जाते.

कॅपच्या अर्जाबद्दल शेवटचं. पर्याय भरताना आधी तिन्ही संस्थांच्या तेल, रंग आणि पॉलिमर शाखा, मग त्याच संस्थांमधलं केमिकल, आणि त्यानंतर इतर कॉलेजांचं केमिकल, असा क्रम ठेवा. गुण कमी वाटले म्हणून वरचे पर्याय गाळू नका. वरचा पर्याय भरल्याने खालचा हातचा जात नाही. डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला आणि लागू असेल तर नॉन-क्रीमिलेअर यांच्यासाठी या आठवड्यातच तहसीलला जा, कारण निकालानंतर तिथली रांग तुम्हाला ठाऊकच आहे.